खालच्या वाडीच्या त्रेसष्ट चुली

आंग मो किओ, सिंगापूर
३ डिसेंबर २०२५

प्रिय शैला,

तुझं पत्र येऊन आज बारा दिवस झाले. पत्र कसलं, तीन वाक्यं. तुझं उत्तर चौकशी समितीने सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, हे पहिलं. आई जाऊन अकरा वर्षं झाली, त्यामुळे आता तिला विचारता येत नाही, हे दुसरं. आणि तिसरं, तू त्या दिवशी आमच्याकडे जेवलास की नाही, एवढंच कळव. खाली नुसतं शैला. एकोणतीस वर्षांनी आलेलं पत्र एवढं आखूड असेल असं वाटलं नव्हतं, पण तू पहिल्यापासून अशीच. सावंतवाडीच्या कॉलेजात मी चार पानं उत्तर लिहायचो, तू दीड पान, आणि मार्क तुला जास्त. माझी सवय अजून गेलेली नाही. हो किंवा नाही एवढ्याच प्रश्नाला मी किती पानं भरतो ते बघ आणि चिडू नकोस. पुनर्वसन खात्यात जन्म घालवलेला माणूस आहे मी, आधी पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय मला पुढे सरकताच येत नाही.

हे मी घरी बसून लिहीत नाहीये. आमच्या ब्लॉकच्या शेजारी हॉकर सेंटर आहे, म्हणजे एका छपराखाली ओळीने मांडलेल्या खानावळी. तिथलं पंख्याखालचं टेबल धरून बसलोय. सकाळचे दहा वाजलेत. अंकुर बँकेत गेलाय, राधिका तिच्या ऑफिसात, आणि इराला शाळेची सुट्टी आहे म्हणून ती मैत्रिणीकडे. अंकुर माझा मुलगा, हे तुला ठाऊक असेल; राधिका सून आणि इरा नात, बारा वर्षांची. मेधा गेली त्याला सहा वर्षं झाली. त्यानंतर अंकुरने मला इथे आणलं. खायला-प्यायला कमी नाही, डॉक्टर जवळ आहे, मराठी मंडळात गणपतीला पुरणपोळीसुद्धा मिळते. एकूण माझं बरं चाललंय, आणि हे तुला लिहिताना मला बरं वाटत नाहीये.

आता आमच्या ब्लॉकची बातमी. हा ब्लॉक पाडणार आहेत. जुना झालाय, त्या जागी मोठ्या इमारती येतील. सगळ्यांना जवळच नवे फ्लॅट मिळणार, आजारी-म्हाताऱ्यांना सामान हलवायला माणसं मिळणार. मी एवढी वर्षं हेच काम केलेलं, त्यामुळे पहिल्या दिवसापासून माझं लक्ष तिकडे. घरांच्या खात्याची माणसं दारोदार यायला लागली तेव्हा मी काही ना काही निमित्त काढून बाहेरच्या पॅसेजमध्ये उभा राहायचो. यांच्या कामात एखादी तरी खोट सापडावी, असं मला मनातून वाटत होतं. खोटं कशाला बोलू, ती सापडली असती तर मला झोप चांगली लागली असती.

आमच्या शेजारी तान अंकल राहायचे. एकटे, ब्याऐंशी वर्षांचे, एक्केचाळीस वर्षं त्याच घरात. त्यांचं-माझं बोलणं म्हणजे मान हलवणं आणि कधी मी दिलेली केळी, कधी त्यांनी दिलेली संत्री. सर्वेक्षणाच्या आठवड्यात ते हॉस्पिटलात होते आणि दाराला कुलूप होतं. एक तरुण मुलगी आली, हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र. बेल वाजवली, वाट पाहिली, दाराच्या फटीत चिठ्ठी ठेवून गेली. दोन दिवसांनी परत आली. पुन्हा संध्याकाळची आली, दिवसा माणूस कामावर असेल म्हणून. चौथ्यांदा आली तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, ते हॉस्पिटलात आहेत, पण तू इतक्यांदा का येतेस? घर बंद आहे असं लिहून टाक की. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काहीतरी खुळ्यासारखं बोललो. इथल्या सवयीने शेवटी लाह लावून म्हणाली, अंकल, दार बंद आहे म्हणजे माणूस राहत नाही असं थोडंच असतं लाह. मग हॉस्पिटलचं नाव लिहून घेतलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी ती तिकडे त्यांच्या खाटेपाशी जाऊन बसून आली, हे मला नंतर अंकलनीच खुणांनी आणि मोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्या रात्री मी जेवलो नाही. राधिकाला वाटलं पोट बिघडलंय.

तू म्हणशील, मग तुझे तान अंकल सुखात गेले असतील नव्या घरात. नाही. घरी आले आणि लिफ्टसमोर खुर्ची टाकून बसायला लागले. नव्या फ्लॅटचा नकाशा त्यांनी उघडूनही पाहिला नाही. मागच्या मंगळवारी गेले. खाली मोकळ्या जागेत पांढरा मांडव घातला होता, तीन दिवस त्यांची माणसं तिथे बसून होती. म्हणजे नीट केलं तरी माणसं खचतातच. आम्ही तर तेही नीट केलं नव्हतं.

आता दुसरी गोष्ट, आणि ही सांगायला मला जास्त जड जातंय. दिवाळीच्या सुमारास इराला शाळेतून एक प्रकल्प होता. जगात कुठेही सरकारने माणसांना हलवलं असेल त्याची माहिती काढायची. तिने अमेरिकेतले नावाहो आणि होपी लोक घेतले. त्यांच्यातल्या जमिनीची वाटणी झाली आणि जे चुकीच्या बाजूला आले त्यांना उठावं लागलं. इरा माझ्याशेजारी बसून इंग्रजीत वाचून दाखवत होती. सरकारने एक तारीख धरली होती. त्या तारखेला जे त्या जमिनीवर राहत होते त्यांनाच नवीन घर. आणि कामाधंद्याला बाहेर गेलेल्यांना, आम्ही इथलेच, हे सिद्ध करत वर्षानुवर्षं बसावं लागलं. माझ्या हातात चहा होता, तो मी खाली ठेवला. इराने विचारलं, आजोबा, तुम्ही तर हेच काम करायचात ना, यू वेअर द चेकर? मी हो म्हटलं. मग तिने विचारलं, तुमच्याकडे पण अशी डेट होती का? मी नाही म्हणालो. बारा वर्षांच्या पोरीला मी तोंडावर नाही म्हणून सांगितलं.

होती ना तारीख. १९ डिसेंबर १९९६. तुला मी काय सांगायचं, तुझ्या पाठीवर ती कोरल्यासारखी आहे. पण मला ती माझ्या हाताने एकदा लिहायची आहे, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो.

आडवण्याचं धरण मंजूर झालं आणि गावातल्या घरांची मोजणी लागली. नियम साधा होता. मोजणीच्या दिवशी ज्या घरात माणूस राहताना दिसेल आणि चूल पेटलेली असेल, ते कुटुंब प्रकल्पग्रस्त. त्याला नव्या गावठाणात भूखंड, त्याच्या मुलांना दाखला. वरच्या वाडीची मोजणी सतरा आणि अठराला झाली. खालच्या वाडीला एकोणीस तारीख दिली. आणि एकोणीसला आडवण्याची गावपळण होती. देवाने कौल दिला होता. तीन दिवस, तीन रात्री सगळा गाव शिवेबाहेर. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. मागे दिवा नाही, चूल नाही, दाराला कडी. चार वर्षांनी एकदा येणारी गोष्ट, तुमच्या आज्या-पणज्यांपासून चालत आलेली. मी शेजारच्या गावचा, मला हे काय कुणी समजावून सांगायला पाहिजे होतं?

मोजणी करणारे कारकून लांबचे, त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांनी खालच्या वाडीत पाऊल टाकलं, दारं वाजवली, चुलीत हात घालून पाहिलं आणि त्रेसष्ट घरांपुढे एकच ओळ लिहिली, घर बंद, चूल थंड, वास्तव्य नाही. पण ते बिचारे कारकून. त्यांच्यावर देखरेख ठेवायला मी होतो. कारकुनाने लिहिलेलं खरं आहे की नाही हे जाऊन बघायचं आणि मग सही करायची, एवढ्याचसाठी सरकारने मला नेमलं होतं. आणि मी गेलो होतो, शैला. समितीला काय सांगितलं ते सोड. मी गेलो होतो.

दुपारची वेळ होती. ओढ्याच्या पलीकडे, शीव ओलांडली की जो माळ लागतो, तिथे माडाच्या झापांच्या खोप्या उभ्या होत्या. बाया तीन दगड मांडून रांधत होत्या, धुराने डोळे चुरचुरत होते. पोरी फुगड्या घालत होत्या. तुझे वडील, म्हणजे आपले नाना, काजूच्या झाडाखाली पान जुळवत बसले होते, मला बघून हसले. त्यांना मी कायम तो फणसवालाच. तुला आठवत असेल, कॉलेजात असताना तुमच्याकडे यायला काही कारण सापडेना म्हणून मी सायकलला फणस बांधून आलो होतो. आडवण्यात, जिथे फणसांना गुरंसुद्धा कंटाळलेली. नाना तेव्हा पोट धरून हसले होते. त्या दिवशीही तेच म्हणाले, काय रे, आज रित्या हाताने इलंस? मी खिशातली वही काढली आणि खोप्या फिरायला लागलो. खालच्या वाडीच्या प्रत्येक चुलीपाशी थांबून घरातल्या कर्त्याचं नाव विचारलं, लिहिलं. त्रेसष्ट चुली भरल्या. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

मग मी निघालो आणि तुझी आई आडवी आली. ते पुढचं शेवटी लिहितो.

जीप घाटात शिरेपर्यंत माझं सगळं ठरलं होतं. अहवालात लिहायचं की खालची वाडी गावपळणीमुळे शिवेबाहेर आढळली, त्रेसष्ट कुटुंबं, यादी सोबत, मोजणी चार दिवसांनी पुन्हा घ्यावी. ऑफिसात पोचलो तर साहेब दोन इंजिनिअरांबरोबर बसले होते. मी उभ्या उभ्या सांगायला सुरुवात केली, साहेब, गाव बाहेर गेलंय. कुठे? देवाने सांगितलं म्हणून शिवेबाहेर. तिघेही हसायला लागले. देवाला घाबरून अख्खं गाव पळालं, कुत्र्या-मांजरांसकट? एक इंजिनिअर म्हणाला, मग धरणाची तारीखपण त्या देवालाच विचारून घ्या. आणि शैला, मीसुद्धा हसलो. त्यांच्याबरोबर हसलो.

मी नंतर स्वतःला खूप कारणं दिली. महिनाअखेर अहवाल जायचा होता, हे खरं. पुन्हा मोजणी म्हणजे पुन्हा अधिसूचना, सहा महिने काम अडलं असतं, हेही खरं. माझी बढती अडकली होती, तेही खरं. पण यातलं काहीच नसतं तरी मी गप्पच बसलो असतो. मला लाज वाटली. तुमची नाही, माझी. मी त्याच मातीतला, मलाही लहानपणी आमच्या गावच्या पळणीत आईने कडेवर घेऊन शीव ओलांडलेली, आणि आता सरकारी टेबलासमोर उभं राहून ते आपलं म्हणायला माझी जीभ रेटेना. शिकलेला माणूस होतो ना. खालच्या वाडीने सरकार सोडून देवाचं ऐकलं, तर त्याची फळं त्यांनी भोगावीत, असं मनातल्या मनात म्हणून मी सही केली. कारकुनाच्या ओळीखाली माझ्या अक्षरात एकच शब्द आहे, तपासले. ती प्रत समितीने मला पाठवली. शाई अजून काळीभोर आहे.

यातली एक गोष्ट तू समितीला सांगितली नाहीस. समितीने सोबत पाठवलेला तुझा जबाब मी तीनदा वाचला, त्यात ती कुठेच नाही. मोजणीच्या आधी आठ दिवस तू मला भेटायला ऑफिसात आली होतीस. शाळेच्या कामाने आलेय म्हणालीस, पण कामाचे कागद पिशवीतून काढलेच नाहीस. विचारलंस की तारखा एकच येतायत, काय करू, नाना म्हणतात देवाची तारीख बदलता येत नाही, सरकारची येते. गावातल्या चार तरुणांचं म्हणणं होतं की प्रत्येक घरात एकेक माणूस मागे ठेवावा. तू माझ्यावर सोडलंस. आणि मी काय म्हणालो? जा तुम्ही बिनधास्त, तपासायला मीच आहे, मी बघतो. तुला ते शब्द पाठ असणार. त्याच्या वीस वर्षं आधीही, माझ्या घरी आपल्याबद्दल सांगायची वेळ आली तेव्हा मी हेच म्हणालो होतो, मी बघतो. तेव्हा बघितलं नाही ते एका अर्थी बरंच झालं, तुझा जन्म तरी माझ्यासोबत गेला नाही. पण या वेळेस तू माझ्या शब्दावर त्रेसष्ट घरं मागे मोकळी सोडून गेलीस. खालच्या वाडीने घरटी एक माणूस ठेवला असता तर आज त्यांना भूखंड मिळाला असता. तो माणूस माझ्यामुळे ठेवला नाही. आणि हे तू इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाहीस. तू मला वाचवलंस की तुलाच ते सांगायची शरम वाटली, हे मला कळत नाही, आणि विचारायचं तोंडही मला नाही.

पुढचं मी फक्त कागदावर वाचलंय. वरची वाडी नव्या गावठाणात गेली, देव घेऊन. खालच्या वाडीने अर्ज केले. प्रत्येक अर्जाला उत्तर एकच गेलं, तपासणी अहवालानुसार वास्तव्य सिद्ध होत नाही. तो अहवाल म्हणजे मी. माझी बदली विदर्भात झाली, मग मराठवाड्यात, आणि मी जिथे असेन तिथे मला न विचारता माझी सही तुम्हाला नाही म्हणत राहिली. कुणी गोव्याला हॉटेलात लागलं, कुणी वेंगुर्ल्याला बंदरावर, बरेचसे मुंबईला गेले. एकदा, दोन हजार तीन साली, कणकवलीच्या एस. टी. स्टँडवर तू मला दिसलीस. हातात फायली होत्या, केस पिकलेले. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलो, तुझी गाडी सुटेपर्यंत. वर्तमानपत्र आदल्या दिवसाचं होतं.

आणि नाना. तुझ्या जबाबात त्यांच्याबद्दल चार ओळी आहेत. दोन हजार चार साली पळणीचं वर्ष आलं. तुम्ही तेव्हा तालुक्याला भाड्याच्या खोलीत राहत होता. पळायला गावच उरलं नव्हतं. तर हे ऐंशी वर्षांचे नाना वळकटी घेऊन धरणाच्या काठाला गेले, पाण्याखालची शीव अंदाजाने धरली आणि तिच्या बाहेर तीन रात्री एकटे झोपले. चौथ्या दिवशी तू त्यांना आणलंस तेव्हा अंगात ताप होता. पंधरा दिवसांत ते गेले. हे मी वाचलं, शैला. हे वाचून झाल्यावर मग मी समितीला उत्तर दिलं.

ते उत्तर कसं गेलं तेही ऐक. न्यायालयाने गेल्या वर्षी समिती नेमली, जुन्या पुनर्वसनाची कामं पुन्हा तपासायला, हे मला माहीत होतं. सप्टेंबरात त्यांचं ईमेल आलं. १९ डिसेंबर १९९६ रोजी तुम्ही शिवेबाहेरच्या वस्तीला भेट दिली होती का? तिथे कुटुंबं राहताना पाहिली का? अंकुर घाबरला. म्हणाला, बाबा, हो म्हणालात तर खोटा अहवाल दिला म्हणून चौकशी लागेल, या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढायच्यात का? त्याचं काय चुकलं, मुलगा आहे तो. त्यानेच इंग्रजीत उत्तर तयार केलं, अशी भेट दिल्याचे मला आठवत नाही. मोबाइलवर बोटाने सही करायची होती. मी केली, आणि मग आम्ही सगळे जेवायला बसलो. त्या वेळी माझ्या कपाटात, मेधाच्या फोटोच्या मागे, बिस्किटांच्या डब्यात ती वही होती. नागपूरहून लातूर, लातूरहून पुणे, पुण्याहून इथे, प्रत्येक घर हलवताना मी ती स्वतःच्या हातांनी बॅगेत ठेवलेली आहे. फेकता आली नाही आणि कुणाला दाखवताही आली नाही. यांच्या फ्लॅटच्या सर्वेक्षणात माझं नावसुद्धा नाही, मी व्हिजिट पासवरचा पाहुणा, पण ती वही मात्र एकोणतीस वर्षं माझ्याबरोबर कायमची राहिली आहे.

तुझं पत्र आलं तेव्हा ते इराने दारातून आणून दिलं. हाताने लिहिलेलं पाकीट तिने पहिल्यांदाच पाहिलं असेल. कुणाचं आहे म्हणून मागे लागली. परवा मी तिला शेजारी बसवलं आणि वही उघडून दाखवली. मोडी-बिडी नाही, साधं मराठी, पण तिला वाचता येईना, मीच वाचत गेलो. पहिलं नाव नानांचं. त्रेसष्टावं नाव वाचून झालं. मग म्हणाली, सो यू चेक्ड. बट यू सेड दे वेअर नॉट देअर. मी हो म्हटलं. ती उठून तिच्या खोलीत गेली. दोन दिवस झाले, माझ्याशी बोललेली नाही. अंकुरही बोलत नाही, त्याची कारणं वेगळी आहेत. राधिकाने काही विचारलं नाही, फक्त माझा पासपोर्ट मागून घेतला आणि संध्याकाळी तिकीट हातात ठेवलं. पंधरा तारखेचं.

तर शैला, अठराला सुनावणी आहे, आणि मी येतोय. काल इथल्या भारतीय उच्चायुक्तालयात जाऊन प्रतिज्ञापत्र केलं, या वेळी स्वतःच्या अक्षरात. सप्टेंबरातलं माझं उत्तर खोटं होतं, असं त्यात पहिल्याच ओळीत आहे. वही मी स्वतः घेऊन येईन. मग हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. माझा माझ्यावर भरवसा नाही म्हणून. दोनदा तुला म्हणालो, मी बघतो, आणि पाठ फिरवली, तिसऱ्यांदा विमानतळावरून परत फिरणार नाही कशावरून? मी आलो नाही, किंवा येऊन साहेबांसमोर पुन्हा हसलो, तर हा कागद तुझ्या हातात असावा. माझी सही आहे, तारीख आहे, वहीच्या पानांच्या प्रतीही सोबत आहेत. समितीपुढे हे सगळं वाचून दाखव. फणसाचंही वाचलंस तरी माझी हरकत नाही, नानांना आवडलं असतं. आणि आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर, जे तुला माहीत आहेच, फक्त माझ्या हातून हवं आहे. मी निघालो होतो, तेव्हा तुझी आई पळीसकट आडवी आली आणि म्हणाली, झिला, जेवल्याशिवाय जावचा नाय. वहीतल्या पहिल्या चुलीपाशी, करंजाच्या झाडाखाली, केळीच्या पानावर. उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी आणि भाजलेला सुका बांगडा. तू पाणी आणून ठेवलंस आणि उन्हाकडे पाठ करून उभी राहिलीस, माझ्या पानावर सावली यावी म्हणून. होय शैला, मी तुमच्याकडे जेवलो. भात दोनदा मागून घेतला.

तुझाच असं लिहायचा हक्क नाही, तरी
तुझाच,
शिरीष